सुट्टीत मी कुठेही गेलो नाही
(तृतीय वर्ष, कला)

जून महिन्यात कॉलेज उघडले की पहिल्या तासाआधीच एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "काय रे, सुट्टीत कुठे गेला होतास?" याला मनाली, केरळ, गोवा, अगदीच काही नाही तर महाबळेश्वर असे उत्तर द्यावे लागते. "कुठेही नाही" असे सांगितले की विचारणारा क्षणभर गप्प होतो आणि मग, आपल्या घरी काहीतरी वाईट घडले असावे अशा समजुतीने, आवाज हलका करून म्हणतो, "का रे? सगळं ठीक आहे ना?"

सगळे अगदी ठीक आहे. मला सुट्टीत कुठे जायला आवडत नाही, एवढेच. हे मत आमच्या वर्गात कोणालाही पटत नाही. त्यातून मी राहतो पनवेलला. पनवेलला राहून प्रवास आवडत नाही म्हणणे म्हणजे कोळीवाड्यात राहून मासे आवडत नाहीत म्हणण्यासारखे आहे. तरीही हे मत आणि त्यामागची कारणे या अंकाच्या निमित्ताने एकदा मांडावीत, असे ठरवले. मात्र एक गोष्ट आधीच कबूल करतो. हे मत जसेच्या तसे आता माझ्यापाशी राहिलेले नाही. त्यात एक मोठी चूक होती. ती कोणी दाखवून दिली, हेही ओघाने येईलच.

दारातले गाव

पनवेलला कोकणचे प्रवेशद्वार म्हणतात, ते उगाच नव्हे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथून निघतो तो पार कन्याकुमारीला पोचतो. जुना मुंबई-पुणे रस्ता गावाला लागून जातो, आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग जवळच कळंबोलीला सुरू होतो. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण लांबीने खुली झाली, तेव्हापासून कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रीघ आमच्या स्टेशनातून वाहते. आता विमानेही आली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रत्यक्ष उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे उठवून दुसरीकडे वसवली गेली.

हे सारे आजचे झाले. पण पनवेलचा हा व्यवसाय जुनाच आहे. रेल्वे नव्हती त्या काळी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे पालखीने किंवा घोड्यावरून बोरघाट चढे. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला, तेव्हा हा ओघ आणखी वाढला. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली. ती कल्याण-कर्जतवरून गेल्यामुळे पनवेल एकाएकी आडबाजूला पडले. पुढच्या शतकात रस्त्यांनी आणि रुळांनी त्याला पुन्हा वाटेवर आणले. एकूण काय, दुसरीकडे निघालेली माणसे पाहणे हा या गावाचा पिढीजात उद्योग आहे.

आमचे घर एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे, त्यामुळे लहानपणापासून हा उद्योग मीही केला आहे. त्यात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. जाणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक कोणाकडे तरी जाणारी आणि दुसरी काहीतरी पाहायला जाणारी. गणपतीच्या आदल्या दिवसांत स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. हातात पिशव्या, कडेवर मूल, डोक्यावर मखराचे सामान, आणि तरी चेहऱ्यावर उत्साह. त्या माणसांना कोकणात काहीही पाहायचे नसते. सारे पाहिलेलेच असते. उलट शनिवारी सकाळी महामार्गावर मोटारींची रांग लागते, तीत बसलेल्यांचे चेहरे परीक्षेला निघाल्यासारखे असतात. अकरापर्यंत पोचायचे, दोन वाजता खोली मिळायची, सूर्यास्ताच्या आत तीन ठिकाणे उरकायची. ही मंडळी दमायला चालली आहेत, हे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

सहल कशी जन्मली

भाषेचा विद्यार्थी म्हणून शब्दांकडे पाहिले तर काही गमती सापडतात. 'प्रवास' या शब्दात 'वस्' म्हणजे राहणे हा धातू आहे. घर सोडून दुसरीकडे राहणे, असा त्याचा मूळ अर्थ. पाहण्याचा त्यात संबंध नाही. 'रजा' हा शब्द अरबीतून आला. त्याचा अर्थ संमती. म्हणजे रजा दुसऱ्याने द्यावी लागते. आणि 'सुट्टी' ही 'सुटणे' या आपल्या घरच्या क्रियापदापासून आली आहे. माणूस कशापासून तरी सुटला की सुट्टी झाली. तो कुठे गेला, हा प्रश्न वेगळा.

पूर्वीचा माणूस हिंडत नव्हता असे मुळीच नाही. पण त्याला निघायला कारण लागे. व्यापार, लढाई, देवदर्शन, लग्नकार्य, नाहीतर कर्ज. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून उत्तरेकडे निघाले, ते घरावरचे कर्ज फेडायला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे चांगली दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. चुलत्यांबरोबर ते पायी निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. द्रव्य मात्र फारसे हाती लागले नाही. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, आणि आज मराठीतील प्रवासवर्णनांचा विषय निघाला की त्याचे नाव आधी घेतले जाते. गोडसे भटजी काहीही 'पाहायला' गेले नव्हते, हे येथे विसरून चालणार नाही. ते कामाला गेले, लोकांच्या घरी राहिले, त्यांच्या पंक्तीला जेवले, त्यांच्याबरोबर लपले. म्हणून त्यांना इतके दिसले.

नुसते पाहण्यासाठी जाणे ही रीत अलीकडची आहे. इंग्लंडात ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसांची सहल रेल्वेने नेली. दर माणशी एक शिलिंग. हे गृहस्थ दारूबंदीचे प्रचारक होते आणि सहल दारूबंदीच्या सभेसाठीच होती. त्यातून पुढे सहलींचा जगभर धंदा उभा राहिला; त्यांच्या नावाची ती मूळ कंपनी २०१९ साली बुडाली, सहली मात्र राहिल्या. आपल्याकडे त्याच सुमारास साहेबाने उन्हाळ्यातून सुटायला डोंगर शोधले. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली माथेरानच्या डोंगरावर चढले, आणि १९०७ साली नेरळहून वर छोटी गाडी जाऊ लागली. कड्यावरच्या प्रत्येक टोकाला 'पॉइंट' म्हणून नाव देण्याची पद्धत या साहेबी डोंगरांवरचीच.

सामान्य माणसाच्या हातात सुट्टी आली ती कायद्याने. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा, असा हिशेब होता. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ पासून रजेतल्या प्रवासाची सवलत मिळू लागली. या साऱ्या गोष्टी चांगल्याच झाल्या. पण त्यांच्याबरोबर एक समजूत नकळत आली. रजा आणि प्रवास यांची गाठ बसली. सुट्टी घेतली आणि घरी राहिलो, तर ती वाया गेली, असे लोकांना वाटू लागले.

माझी न पटणारी मते

आता माझी मते सांगतो.

पहिले मत असे की, सात दिवसांत अकरा ठिकाणे पाहण्यापेक्षा एकच ठिकाण अकरा वेळा पाहावे. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचे अभयारण्य आहे. १९६८ साली झालेले, क्षेत्रफळ जेमतेम बारा चौरस किलोमीटर. वरच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरून सर्वांना दिसतो. गाडीतून बोट दाखवून लोक पुढे जातात. मी तेथे आतापर्यंत वीस-बावीस वेळा तरी गेलो असेन. पहिल्या पाच-सहा खेपांना मला एकही पक्षी ओळखता आला नाही. पुढे तांबटाचा ठोका ओळखू आला, मग दयाळाची शीळ, मग कोतवालाच्या नकला. पक्षी पहिल्या दिवसापासून तेथेच होते. मलाच वेळ लागला.

दुसरे मत असे की, घराजवळचे पाहिल्याशिवाय लांबचे पाहू नये. पनवेलमध्ये पाहण्यासारखे काय आहे, असे पनवेलकरच विचारतात. वडाळे तळ्याच्या काठी संध्याकाळी बसावे. बेने इस्राएल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे; त्याच्यावरून रोज जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ते ठाऊक आहे? वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण हाकेच्या अंतरावर आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने कोनिग्सबर्ग शहर आणि त्याचा आसपासचा मुलूख जन्मभर सोडला नाही, आणि तरी चाळीस वर्षे विद्यापीठात जगाचा भूगोल शिकवला. प्रवासाने मन विशाल होते, असे आम्हांला निबंधात लिहायला लावतात. होत असेलही. पण कान्टचे मन अरुंद होते, असे आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांनी अजून तरी सांगितलेले नाही.

तिसरे मत जरा कडू आहे. आपली मौज जेथे होते तेथे कोणाचे तरी घर असते, हे प्रवासी विसरतो. माथेरानला मोटार नाही याचे आपण कौतुक करतो. पण तेथे माणसाने ओढायच्या रिक्षा होत्या, आणि त्या सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. हवा खायला गेलेली माणसे दुसऱ्या माणसाच्या धापांवर बसून हिंडत होती. आमच्याच तालुक्यात प्रबळगडाशेजारी कलावंतिणीचा सुळका आहे. त्याच्या खडकात खोदलेल्या पायऱ्यांचे फोटो प्रसिद्ध झाल्यापासून पावसाळ्यातल्या रविवारी तेथे जत्रा लोटते. प्रबळमाचीच्या लोकांना त्यातून चार पैसे मिळतात, हे खरे आहे आणि ते मिळायलाच हवेत. पण वेष्टने, बाटल्या आणि आरडाओरडा मागे ठेवून परत येणाऱ्यांनी आपण निसर्गाच्या सान्निध्यात गेलो होतो, असे म्हणू नये.

या तीन मतांवरून मी असे ठरवून टाकले होते की, सुट्टी घरीच घालवावी. उशिरा उठावे, वाचनालयातून आणलेली पुस्तके वाचावीत, दुपारी आंबे खाऊन झोपावे, संध्याकाळी तळ्यावर जावे. खर्च नाही, दगदग नाही. हे मत मी घरात आणि वर्गात मोठ्या तावातावाने मांडत असे.

आर्थर सीट

मे २०२४ मध्ये थोरल्या काकांनी आग्रह धरला आणि आमची दोन्ही कुटुंबे, एकूण नऊ माणसे, तीन दिवसांसाठी महाबळेश्वरला निघाली. मी नाखुशीनेच गाडीत बसलो. जाण्याच्या आदल्या रात्री आई एक वाजेपर्यंत दशम्या आणि चिवडा करत होती. हॉटेलचे जेवण नऊ माणसांना परवडणार नाही म्हणून बाबांनी मुद्दाम स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यामुळे तेथेही सकाळी पोळीभाजी करून डबे भरायचे आणि मग पॉइंट पाहायला निघायचे, असा क्रम लागला. काकूंना कंबरदुखी, म्हणून सारे आईवरच पडले. मी या तीन दिवसांत माझ्या मतांना पुरावे गोळा करत होतो. एकदा मी तिला म्हटलेसुद्धा, "बघ आई, मी सांगत नव्हतो? घरीच बरे होतो." ती कणीक मळत होती. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आर्थर सीटला गेलो. गर्दी खूप होती. सगळे फोटो काढण्यात गुंतले आणि आई कठड्याला धरून खाली बघत उभी राहिली. तेथून एका बाजूला सावित्रीचे खोल खोरे दिसते. बराच वेळ झाला तरी ती हलेना, म्हणून मी जवळ गेलो.

"काय बघतेस?"

"ही सावित्री ना रे?" ती म्हणाली. "ही खाली आमच्याकडेच जाते."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आईचे माहेर पोलादपूर तालुक्यात आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून जाते आणि बाणकोटला समुद्राला मिळते, हे मी भूगोलात पाठ केले होते. आई त्या नदीच्या काठी वाढली होती. ती पुढे म्हणाली, "चार वर्षं झाली मला जाऊन." तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब सांगावा तसे तिने सांगितले. आधी करोनाची साथ, मग आमच्या आजीचे अंथरुणाला खिळणे, मग माझी बारावी, मग धाकटीची दहावी. प्रत्येक सुट्टीला काही ना काही होते.

आम्ही नऊ माणसे भाड्याची गाडी करून, हजारो रुपये खर्चून तिला तिच्या माहेरचे खोरे कड्यावरून दाखवायला घेऊन गेलो होतो. पनवेलच्या स्टँडवरून पोलादपूरला जाणारी एस.टी. आमच्या घराच्या मागून रोज सुटत होती.

दहा दिवस

परत आल्यावर माझ्या मतांची मला पुन्हा तपासणी करावी लागली. सुट्टी घरी घालवावी, हे मी म्हणत होतो. पण घर हेच जिचे कामाचे ठिकाण आहे तिने सुट्टी कोठे घालवावी, याचा विचार माझ्या मतात नव्हता. गिरणीच्या कामगाराला "तू सुट्टीत गिरणीतच राहा, किती शांत असते" असे सांगण्यासारखेच ते झाले.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, आणि जे पुरुष ते करतात त्यांची ८८ मिनिटे, असे तीत आढळले. म्हणजे एकीकडे जवळजवळ पाच तास आणि दुसरीकडे दीड तास. मी गमतीने कारखाने कायद्याचा जुना हिशेब आईला लावून पाहिला. वीस दिवसांना एक दिवस, म्हणजे वर्षाला अठरा. लग्नाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. तिची चारशेच्या आसपास दिवसांची रजा साचली होती. बाबा तळोज्याच्या कारखान्यात आहेत. त्यांच्या रजेचा कागद दर वर्षी घरी येतो. आईचा कागद कोणी लिहिलाच नव्हता.

आपल्या समाजाने बाईच्या सुट्टीचा विचार केलाच नव्हता, असे मात्र नाही. नागपंचमी, गौरी, भाऊबीज, मुलांची मे महिन्याची सुट्टी, या निमित्ताने तिने माहेरी जायचे, ही रीत होती. जात्यावरच्या ओव्यांत माहेर पुन्हा पुन्हा का येते, हे मला आता जास्त समजते. वारीचे महत्त्व मी कमी करत नाही. पण डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या बाईला त्या दिवसांत चुलीपासून कायदेशीर सुटका मिळत होती, आणि पंढरपूरला ती माहेरच म्हणत होती, हा योगायोग नसावा. माहेरपणात पाहायचे काही नसते. कोणीतरी आयते ताट वाढते आणि उशिरा उठले तर कोणी विचारत नाही. 'सुटणे' या शब्दाला इतकी जवळची दुसरी सुट्टी मला ठाऊक नाही. आता कुटुंबे लहान झाली, परीक्षा वाढल्या, आणि माहेरच्या आठ दिवसांची जागा सहकुटुंब सहलीच्या तीन दिवसांनी घेतली. या बदलात बाईचा तोटा झाला, हे माझे चौथे मत. सर्वांत जास्त आरडाओरडा याच मतावर झाला. सगळ्यांनी मिळून सहलीला जाण्यात किती आनंद असतो, हे मला अनेकांनी समजावले. समजावणाऱ्यांत डबे भरणारे कोणी नव्हते.

मे २०२५ मध्ये आई दहा दिवस माहेरी गेली. एकटी. बाबांनी आधी "अगं, आपण सगळेच जाऊ की" असे म्हणून पाहिले. मी म्हटले, सगळे गेलो तर तिला काय मिळाले? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. दोन वर्षे ती सवलत आमच्या घराच्या मागे उभी होती आणि आईने वापरली नव्हती. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून सूचना देत होती. दूध नासले तर पनीर करा, गॅसचा नंबर लावून ठेवला आहे, पाणी साडेपाचला येते.

पाणी साडेपाचला येते, हे मला एकवीस वर्षांत ठाऊक नव्हते. आमच्याकडे नळ फार वेळ चालत नाही. कोणीतरी उठून भरावे लागते. त्या दहा दिवसांत मी आणि धाकटीने स्वयंपाक केला, बाबांनी भांडी आणि केर पत्करला. पिठले, खिचडी, आमटी-भात जमले. पोळ्यांना आकार आला नाही, तरी त्या खाता आल्या. एकेक काम तसे अवघड नव्हते. पण ते संपत नव्हते. दुपारची भांडी होतात न होतात तोच संध्याकाळी काय करायचे, हा प्रश्न. वाचनालयातून आणलेली तीन पुस्तके मी न उघडता परत केली. उशिरा उठणे, दुपारची झोप, संध्याकाळचे तळे, ही माझी लाडकी घरगुती सुट्टी आईच्या साडेपाचच्या उठण्यावर उभी होती. ती उठेना झाल्याबरोबर माझी सुट्टी संपली.

दहाव्या दिवशी आई परतली. आमसुले, कुळथाचे पीठ आणि फणसाचे गरे घेऊन. रंग जरा काळवंडला होता. मी मोठ्या उत्साहाने विचारले, "काय, झाला ना आराम?" तेव्हा कळले की, मधले चार दिवस तिने मामीला तिच्या माहेरी पाठवले होते आणि मामाचे घर स्वतः सांभाळले होते. मी चिडलोच. "मग तुझी सुट्टी कुठे झाली?"

"अरे, तिलाही जायचं होतं," आई म्हणाली. "आणि तिथे मला कोणी घाई करत नव्हतं. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी नदीवर जाऊन येत होते."

माझ्या चौथ्या मतातही एक भोक होते, हे यावरून दिसले. एकीचे माहेर म्हणजे दुसरीचे सासर. एकीला आयते ताट मिळते तेव्हा ते दुसरीने वाढलेले असते. आईने हे मत मांडले नाही. मामीला गाडीत बसवून दिले. म्हणून आता मी माझे म्हणणे असे दुरुस्त करतो. सुट्टीत कुठे जायचे हे ठरवण्याआधी कोणी कशापासून सुटायचे आहे, हे ठरवावे. मला परीक्षेपासून आणि लोकलच्या गर्दीपासून सुटायचे असते. त्याला घर पुरते. बाबांना यंत्राच्या आवाजापासून सुटायचे असते. त्यांना कर्नाळ्याचे झाड पुरते. आईला आमच्यापासून सुटायचे असते. हे वाक्य लिहायला मला बरे वाटत नाही. पण ते खरे आहे, आणि तिचे आमच्यावर प्रेम आहे या गोष्टीच्या ते आड येत नाही.

वाचकमित्रांनो, तुमच्या सहलींना माझा विरोध नाही. मनाली सुंदरच असणार. फक्त पुढच्या जूनमध्ये मला "कुठे गेला होतास" असे विचारण्याऐवजी तुमच्या घरात कोण कोण सुटले, ते मला सांगा. आमच्या घरचा यंदाचा बेत ठरला आहे. आई मे महिन्यात पंधरा दिवस जाणार आहे. मामीचे आठ दिवस आधीच ठरवून घेतले आहेत आणि त्या आठ दिवसांत मामाने भात लावायला शिकायचे, असे फोनवर ठरले आहे. त्याने होकार दिला आहे, पण आवाजावरून तो फारसा खूश वाटला नाही. मी यंदाही कुठे जाणार नाही. साडेपाचला उठून पाणी भरीन, आणि जमले तर एखादे पुस्तक वाचीन.